यादीत नसलेली सही

"पाकीट माझ्यासमोर फोडा," मी म्हटलं.

विलासरावांनी ब्लेडचं पाकीट वर धरलं, सगळ्या हॉलला दाखवलं आणि जादूगारासारखं टर्रकन फाडलं. "ताई, तुमच्या मालकांचं जावळ ह्याच हातानं काढलंय. दोन्ही कान जागेवर आहेत का नाहीत, बघून घ्या."

सगळे हसले. हृषीनं आपले कान चाचपून दाखवले. मी हसले नाही. चित्रा अकरा महिन्यांची होती. तिची टाळू अजून पुरती भरली नव्हती. ती झोपली की तिथली कातडी हलकेच उडताना दिसायची. त्या जागेवरून कुणीतरी पातं फिरवणार, या विचारानं माझं आठवडाभर जेवणात लक्ष नव्हतं. वस्तरा मी स्वतः उकळून घेतला होता. डेटॉलची बाटली पाटाशेजारी होती आणि आयर्लंडहून येताना आणलेला थर्मामीटर पर्समध्ये. सासूबाईंच्या मते यातल्या एकाही गोष्टीची गरज नव्हती, पण त्या तसं तोंडानं म्हणाल्या नव्हत्या. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाई होत्या. नुसत्या चष्म्यावरून बघायच्या.

"आता फक्त तुझे बाबा यायचे राहिलेत," त्या म्हणाल्या. "साडेदहा सांगितलं होतंस ना?"

जावळाला मूल मामाच्या मांडीवर बसतं. मला भाऊ नाही, तेव्हा ती जागा माझ्या बाबांची होती. आई मी कॉलेजात असतानाच गेली. विट्याच्या घरात बाबा एकटेच राहायचे. विटा ते सांगली अंतर ते कितीसं, आणि माझे बाबा म्हणजे सहाच्या एसटीसाठी पाचला स्टँडवर जाऊन बसणारा माणूस. अकरा वाजत आले तरी त्यांचा पत्ता नव्हता. फोन वाजत होता, उचलत नव्हते.

तेवढ्यात माझाच फोन वाजला. चित्राला एका कडेवर घेऊन मी तो दुसऱ्या कानाला लावला.

"मॅडम, पुण्याच्या फ्लॅटच्या लोनसाठी बोलतोय. शुक्रवारी तुमच्या दोघांच्या सह्या आहेत ना, त्याआधी एक छोटीशी गोष्ट. तुमच्या नावावर एक एज्युकेशन लोन चालू दिसतंय."

"ते कधीच बंद झालंय. तीन वर्षं झाली."

"नाही मॅडम, चालू आहे. म्हणजे हप्ते अगदी वेळेवर आहेत, त्याची काळजी नाही. गेल्या महिन्याचाही भरलाय. फक्त तुम्ही फॉर्मवर लिहिलं नव्हतं, म्हणून विचारलं. नऊ लाख चाळीस हजार बाकी आहे."

"कुणी भरलाय?"

"ते आम्हाला कसं दिसणार, मॅडम?"

मी फोन ठेवला. सासूबाई निरांजन लावत होत्या. "कोण गं?"

"बँकेचा माणूस. माझं शिक्षणाचं कर्ज अजून चालू आहे म्हणतोय."

सासूबाईंनी निरांजनातली वात पुढे ओढली. वात पुढेच होती. सोफ्यावर बसलेले हृषीचे मामा म्हणाले, "ह्या लोकांचे रिपोर्ट कधी बरोबर असतात होय? आधी कार्य उरकू." हृषी विलासरावांना पाणी हवंय का ते विचारायला लागला.

मला लहानपणापासून माणसांचे चेहरे बघायची सवय आहे. मूल झाल्यापासून तर ती वाढलीच. त्या क्षणी मला खटकलं ते एवढंच, की कुणालाही आश्चर्य वाटलं नव्हतं.

मी विट्याची तारळेकर. बाबा हायस्कूलच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. डेअरीतलं पुढचं शिक्षण घ्यायला मी आयर्लंडला, कॉर्कला गेले, ते सोळा लाखांचं कर्ज काढून. तारण बाबांचं घर. शिकून तिथेच एका दूध-पावडरच्या कारखान्याच्या लॅबमध्ये लागले आणि पहिल्या पगारापासून हप्ता मीच पाठवायला लागले. पाठवायचे म्हणजे बाबांच्या खात्यात. थेट कर्जखात्यात भरता आलं असतं, पण बँकेचे ओटीपी माझ्या इथल्या जुन्या नंबरवर यायचे, आणि रिचार्ज न केल्यानं तो नंबर कधीच दुसऱ्या कुणाला तरी मिळून गेला होता. शिवाय बाबांना ते काम आवडायचं. इस्त्रीचा शर्ट घालून ते बँकेत जायचे आणि पावतीचा फोटो पाठवायचे. फोटोत कोपऱ्यात नेहमी त्यांचा अंगठा असायचा.

माझं लग्न ठरलं त्या महिन्यापासून अंगठा यायचा बंद झाला. "मिटवून टाकलं कर्ज," बाबा फोनवर म्हणाले होते. "फंडाचे पैसे आले, ते काय उशाला घेऊन झोपू? माझ्याकडून आहेर समज." मी रडले होते. बँकेचं पत्र मागितलं तर म्हणाले, येईल. ते आलं नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही. पावडरीत ओलावा जरासा वाढला तर अख्खी बॅच अडवून ठेवणारी मी.

बाहेर हॉर्न वाजला.

मी गॅलरीत गेले. फाटकाशी एक पांढरी छोटी गाडी उभी होती. टपावर पिवळी पाटी, पाटीवर ड्रायव्हिंग स्कूलचं नाव, मागे लाल अक्षरातलं एल. चालवणारी मुलगी वीसेक वर्षांची असेल. शेजारच्या सीटवर बाबा.

"सर, हितंच लावू? गटार हाय पुढं."

"लाव. आधी स्टिअरिंग सरळ कर. आरशात बघ. माझ्याकडे बघू नको, आरशात."

बाबा उतरले. मी वरून बघतेय हे त्यांना दिसलं आणि त्यांचा चेहरा अपराध्यासारखा झाला. "शेजाऱ्यांची गाडी," ते खालूनच म्हणाले. "सांगलीला येत होते, म्हटलं सोडा मलाही."

"शेजाऱ्यांची कुठली, सर? आपल्या स्कूलची की!" ती मुलगी पेढ्यांचा पुडा नाचवत जिना चढायलाही लागली होती. "ताई, मी आफ्रीन. पास झाले आत्ता! सरांची आज सहाजणं होती टेस्टला, सहाच्या सहा पास. आरटीओवाले पण म्हणाले, तारळेकर सरांची पोरं आली की आम्हाला काम नाही."

"सर?" मी म्हटलं.

"सरच! अडीच वर्षं झाली की. आमच्या आम्मीलाबी त्यांनीच शिकवली गाडी. घ्या, पेढा घ्या."

"आफ्रीन," बाबा म्हणाले, "तू जेव आणि गाडी सावलीत लाव. चारला निघू."

स्वतःच्या लग्नाआधी कधीतरी चारेक वर्षं बाबांनी सूतगिरणीची जीप चालवली होती, तेवढीच. पुढे जन्मभर सायकल. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे दोनदा बघून, मग माझा हात धरून, मग पुन्हा एकदा बघणारे माझे बाबा. ते दिवसभर शिकाऊ पोरांच्या शेजारी बसतात?

त्यांनी दारात चपला काढल्या. डावी चप्पल धड होती. उजवीचा पुढचा तळवा झिजून कागदासारखा झाला होता. शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, हे मला माहीत होतं. लग्नानंतर हृषी कॉर्कला येऊन गाडी शिकला तेव्हा मी मागच्या सीटवर बसून बघितला होता.

बाबा हातपाय धुऊन पाटावर बसले. मी चित्राला त्यांच्या मांडीवर दिलं आणि तिचं डोकं धरायला समोर बसले. विलासरावांनी पाणी लावलं. चित्रानं श्वास ओढून घेतला आणि मग जो सूर लावला तो कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेला असणार. त्या रडण्याच्या आडोशानं मी विचारलं, "बाबा, तुम्ही नोकरी करता?"

"डोकं हलू देऊ नको तिचं."

"बँकेतून फोन आला होता."

"टाळूपाशी सावकाश हं, विलासराव."

"कर्ज मिटलंय ना?"

बाबांनी वर बघितलं नाही. त्यांचा तळहात चित्राच्या कपाळावर होता. घट्टही नव्हता आणि ढिलाही नव्हता. "जावळ होऊ दे, केतकी," ते म्हणाले.

मला उत्तर मिळालं होतं.

जावळ झालं. केस नव्या कापडात गुंडाळले गेले, औक्षण झालं, फोटो निघाले. त्या सगळ्या फोटोंत माझा चेहरा दात दुखत असल्यासारखा आहे. श्रीखंड-पुरीची पंगत उठली, शेजारीपाजारी गेले, विलासराव नारळ घेऊन गेले. आफ्रीन खाली गाडीत सीट मागे करून आडवी झाली. चित्रा टकलू होऊन आतल्या खोलीत झोपली. हॉलमध्ये आम्ही पाच जण उरलो. सासूबाई, मामा, हृषी, बाबा आणि मी. सासरे हृषीच्या कॉलेजच्या दिवसांतच गेलेले. त्यांचा फोटो भिंतीवर.

"आता सांगा," मी म्हटलं.

"काय सांगायचंय?" मामा म्हणाले. "कार्य नीट पार पडलं. आता शुक्रवारी पुणे. झालं."

"मामा, मी बाबांना विचारतेय."

बाबा टीपॉयवरच्या पेपराची घडी नीट करत होते. "थोडंच राहिलंय गं. मी भरतोय की."

"नऊ लाख चाळीस हजार म्हणजे थोडं? आणि फंड?"

"फंड आईच्या आजारपणातच संपला होता," ते म्हणाले. "तुला तेव्हा परीक्षा होती."

मी काही बोलायच्या आत सासूबाई उठल्या. "लपवण्यासारखं यात काही नाही. उगाच चोरी केल्यासारखं कशाला बोलायचं?" त्या आत गेल्या, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि अर्ध्या मिनिटात लग्नाच्या अल्बममधून एक घडी घातलेला कागद घेऊन बाहेर आल्या. "यादी आहे ही. तुमच्या लग्नाची."

यादी मला माहीत होती, म्हणजे असते हे माहीत होतं. लग्न ठरलं की दोन्हीकडची मोठी माणसं बसतात, देणंघेणं, मानपान, हॉल, जेवण सगळं एकेक करून लिहितात, वर हळदीकुंकू लावतात, खाली सह्या करतात. माझी यादी झाली तेव्हा मी कॉर्कला लॅबमध्ये होते. संध्याकाळी बाबांनी पेढ्याच्या ताटाचा फोटो पाठवला होता. कागद मी कधी बघितला नव्हता. तो बघायचा असतो, हेच मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी तो उघडला. 'श्री चौडेश्वरी प्रसन्न'. मामांचं वळणदार अक्षर. हॉल दोघांत. मुलीकडची माणसं दीडशे. मानाच्या साड्या नऊ. आणि अकराव्या क्रमांकावर — मी मोठ्यानं वाचलं — "मुलीच्या शिक्षणाच्या कर्जाची सर्व जबाबदारी मुलीच्या वडिलांची राहील. लग्नानंतर मुलीच्या पगारातून त्यापोटी रक्कम देऊ नये."

"ह्यात वावगं काय आहे?" मामा म्हणाले. "तू घरात येणार, तुझा पगार ह्या घरचा. सोळा लाखांचं कर्ज डोक्यावर घेऊन येणारी सून कुणी करतं का? तरी आम्ही मोडलं नाही. हो की नाही, तारळेकर? तुम्हीच म्हणालात ना, मी भरतो म्हणून?"

"मीच म्हणालो," बाबा म्हणाले. "केतकी, मी म्हणालो. ह्यांचा दोष नाही."

"तुम्हाला म्हणायला लावलं."

"स्थळ चांगलं होतं," बाबा म्हणाले. "हृषीराव चांगले आहेत. मग?"

मी हृषीकडे वळले. तो खिडकीपाशी उभा होता. "तुला माहीत होतं?"

"लग्नात नव्हतं माहीत. शप्पथ. नंतर कळलं. सहा महिन्यांनी. मामा बोलता बोलता बोलून गेले. मी तुझ्या बाबांना फोन पण केला होता. ते म्हणाले, तिला सांगू नका, संपत आलंय."

"आणि तुला ते खरं वाटलं?"

"मी आकडा नाही विचारला."

हृषी वाईट माणूस नाही. तो चित्राच्या लंगोटांना इस्त्री करतो. कुठला बाप करतो? पण त्या दुपारी मला कळलं, की चांगल्या माणसांना आकडा विचारायची भीती वाटते. विचारला की मग काहीतरी करावं लागतं. आणि हेही कळलं, की तीन वर्षं मीही तेवढीच चांगली होते.

"ठीक आहे," मी म्हटलं. "शुक्रवारी मी सही करणार नाही."

"म्हणजे?" मामा सोफ्यावरून पुढे सरकले. "बुकिंगचे दोन लाख दिलेत. ते बुडतील!"

"बुडू देत."

"बुडू देत! ऐकतोयस का रे हृषी? आयर्लंडच्या पाण्यानं हे होतं."

"विट्याच्या पाण्यानं होतं, मामा. आयर्लंडमध्ये नुसता पाऊस पडतो."

"केतकी," बाबांचा आवाज चढला. माझ्या आठवणीत त्यांनी तो दोन-तीनदाच चढवला असेल. "मी शब्द दिलाय. चार माणसांत बसून दिलाय. घर मोडेल असं काही करू नको. मला काय त्रास आहे? गाडीत बसून असतो. एसी आहे."

"तुमची चप्पल बघितली मी."

पाय त्यांनी नकळत सोफ्याखाली ओढून घेतले.

आत्तापर्यंत मला वाटत होतं, मी सासरच्यांशी भांडतेय. तसं असतं तर सोपं होतं. समोर माझे बाबा होते, आणि मला त्यांचा शब्द मोडायचा होता, त्यांच्या व्याह्यांसमोर, ज्या घरात ते आयुष्यभर मान खाली घालून येणार होते त्या घरात.

"शब्द तुम्ही दिलात, बाबा," मी म्हटलं. "कर्ज मी घेतलंय. बँकेत माझ्या सतरा सह्या आहेत. मी मोजल्या होत्या, कारण सतराव्या सहीला पेन संपलं होतं आणि तुम्ही म्हणालात, शुभ झालं. आठवतंय?" मी यादी उलटी करून बघितली, पुन्हा सुलटी केली. "ह्यावर मामांची सही आहे. तुमची आहे. हृषीच्या आईंची आहे. गुरुजींची आहे. ज्यांनी चहा दिला त्या शेजारच्या काकांची पण आहे साक्षीदार म्हणून. माझा पगार कुठे जाणार हे लिहिलंय आणि माझीच सही नाही."

"मुलीची सही यादीवर नसते," मामा म्हणाले. "तशी पद्धत नाही."

"बँकेत आहे. बाबा, पेन द्या."

बाबांच्या खिशाला पेन होतं. आरटीओचे फॉर्म भरायला ठेवत असावेत. त्यांनी खिशावर हात ठेवला. दिलं नाही. मी हात पुढे केलेलाच ठेवला. ते माझ्याकडे बघत होते, डोळ्यांत पाणी आणि जबडा घट्ट. हा हट्टीपणा माझ्यात कुठून आला ते मला तेव्हा दिसलं.

"माझा पगार चौतीस वर्षं ह्या घरात आला," सासूबाई मध्येच म्हणाल्या. त्या कुणाशी बोलत होत्या ते कळेना. नजर भिंतीवरच्या फोटोवर होती. "पहिल्या तारखेला पाकीट उघडायचं ते इथे, टीपॉयवर. माझ्या वडिलांचं डोळ्यांचं ऑपरेशन होतं तेव्हाही एक रुपया माहेरी दिला नाही. ठरलं होतं, पाळलं. मला कुणी विचारलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही."

"तेच म्हणतोय मी, ताई," मामा म्हणाले.

"तू काहीच म्हणत नाहीयेस. बस." सासूबाईंनी दूधवाल्याच्या कॅलेंडरला दोऱ्यानं बांधलेलं पेन सोडवलं आणि टीपॉयवर, यादीच्या शेजारी ठेवलं. माझ्या हातात दिलं नाही. "लिहायचंच असेल तर नीट लिही. आणि तारीख घाल. तारखेशिवाय सहीला अर्थ नसतो."

आजतागायत मी ठरवू शकलेले नाही, की त्यांनी तेव्हा मला मदत केली की नुसती चूक सुधारली.

मी खाली बसले. कागद टीपॉयवर सपाट केला आणि शेवटच्या सहीच्या खाली लिहिलं, "क्र. ११ मला मान्य नाही. कर्ज माझं आहे. ते मी माझ्या पगारातून फेडणार." तारीख घातली. आणि सही केली, केतकी नारायण तारळेकर.

मामांनी वाकून बघितलं. "हे आता तुझं नाव नाही."

"बँकेत हीच सही आहे," मी म्हटलं. "जुळायला नको?"

चार वाजता मी चित्राला आणि तिच्या सामानाची पिशवी घेऊन खाली उतरले. उद्या सकाळी विट्याच्या बँकेत जायचं, नंबर बदलायचा आणि हप्ता माझ्या खात्यातून थेट कापायला लावायचा, एवढं ठरवलं होतं. त्यापुढचं काही ठरवलेलं नव्हतं. हृषी मागून धावत आला. मला वाटलं, थांब म्हणेल. त्यानं चित्राची दुधाची बाटली दिली आणि एक प्लॅस्टिकचं पाकीट.

"तुझं आधार आणि पासपोर्ट. लागेल ना बँकेत." मग जरा वेळानं, "गुरुवारी मी पण येऊ का विट्याला?"

"आकडा विचारणार असशील तर ये."

तो आला गुरुवारी. फ्लॅट त्या वर्षी झाला नाही, दोन लाख खरंच बुडाले, आणि मामा दोन दिवाळ्या आमच्याशी बोलले नाहीत. चित्रा आता नऊ वर्षांची आहे. कर्ज ती सहाची असताना फिटलं. बँकेचं पत्र आलं, त्याचा फोटो मी बाबांना पाठवला, मुद्दाम कोपऱ्यात अंगठा ठेवून. बाबांनी ड्रायव्हिंग स्कूल मात्र सोडलं नाही. "हप्ता तुझा होता," ते म्हणतात. "नोकरी माझी आहे." पण हे सगळं पुढचं.

त्या दुपारी आफ्रीननं गाडी काढली. तिच्या शेजारी बाबा, मागे मी आणि चित्रा. आफ्रीनला काहीतरी झालंय एवढं कळलं होतं, म्हणून ती आरशात जरा जास्तच बघत होती. मला पुढच्या दोन सीटच्या मधून बाबांचा पाय दिसत होता. झिजलेल्या चपलेतला, ब्रेकवर नुसता टेकलेला. समोरून ट्रक आला की तो दाबायचा. आफ्रीननं दाबायच्या आधीच.

तासगाव मागे पडलं. द्राक्षांच्या बागा संपून चढ सुरू झाला.

"शब्द मोडलास तू माझा," बाबा समोर बघत म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

"चार माणसांत."

"हो."

आफ्रीननं दुसरा गिअर टाकला. गाडी कण्हत चढायला लागली. मागून एसटीनं हॉर्न मारला आणि चित्रा दचकून माझ्या दंडाला चिकटली. तिच्या उघड्या डोक्यावर मी हात ठेवला. टाळूवर कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

"हप्ता पाच तारखेला जातो," बाबा म्हणाले. "पण तू तीनलाच पैसे ठेवत जा. पाचला रविवार आला तर घोळ होतो. आणि तो काउंटरवरचा माणूस आहे ना, चष्मेवाला, त्याला दोनदा सांगावं लागतं, आणि पावतीवर शिक्का—"

"बाबा," मी म्हटलं, "माझं कर्ज आहे. मी बघते."

मी सीटच्या मधून खाली बघितलं. पाय ब्रेकवरून उतरून मॅटवर आला होता.

"आफ्रीन," बाबा म्हणाले, "चढ संपला की. टाक तिसरा."